लेहला जायचंय? आधी भांडून घ्या!

प्रत्येक ऑफिसात एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच. नाव 'लेह पक्कं!', मेंबर बावीस. जानेवारीत कुणीतरी निळ्याशार पँगाँगचा फोटो टाकतो आणि ग्रुप खडबडून जागा होतो. अकरा जण 'मी आहे रे' म्हणतात, सहा जण नुसता अंगठा दाखवतात, उरलेले 'तारखा कळवा' म्हणून गायब. मग मार्चमध्ये अप्रेझल, एप्रिलमध्ये कुणाचं तरी लग्न, मेमध्ये बॉस स्वतःच सुट्टीवर. शेवटी ही सगळी गाडीवेडी जनता जाते कुठे? तर माथेरानला. जिथे गाडी न्यायलाच बंदी आहे!

आमचाही ग्रुप याच जातकुळीतला. यंदा मात्र खरंच ठरलंय. पाच गाड्या, चौदा माणसं, पुणे ते पुणे व्हाया लेह, अठरा दिवस, साधारण साडेपाच हजार किलोमीटर. गेले तीन महिने दर रविवारी आम्ही कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतो आणि मनसोक्त भांडतो. एवढ्या मीटिंगांनंतर माझं ठाम मत झालंय, बॉस. ग्रुप ड्राइव्हचं प्लॅनिंग म्हणजे नुसतं हॉटेल बुकिंग नव्हे. जी भांडणं सोळा हजार फुटांवर, डोकं ठणकत असताना होणार आहेत, ती इथे पंख्याखाली, चहा-खारी खात उरकून घेणं म्हणजे प्लॅनिंग. आमची पाच भांडणं झाली. तुमचीही हीच होतील, म्हणून सांगते.

भांडण पहिलं : चढायचं कुठून?

लेहला जायला रस्ते दोन. एक श्रीनगर-कारगिलचा, दुसरा मनालीचा. आमच्या थारवाल्याचं म्हणणं, 'मनालीवरूनच चढायचं. खरा रोड तोच!' त्याचं चुकीचं नाही. बारालाचा ला, तांगलांग ला अशा एकाहून एक उंच खिंडी, मधले मोरेचे सपाट माळ, सगळं याच वाटेवर आहे. पण प्रश्न गाडीचा नाहीच, फुप्फुसांचा आहे.

मनाली साधारण ६,७०० फुटांवर. तिथून निघालेले बरेच लोक पुढचा मुक्काम थेट सरचूला करतात, म्हणजे १४,००० फुटांच्या वर. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून तर रोहतांगचा अख्खा घाटच टळतो. गाडी झपकन वर पोचते, शरीर मात्र मनालीतच राहिलेलं असतं. दहा हजार फुटांच्या वर गेलं की रोजच्या झोपण्याची उंची साधारण सोळाशे फुटांपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. सरचूचा हिशेब तुम्हीच करा.

याउलट श्रीनगर ५,२०० फूट, कारगिल ८,८०० च्या आसपास, लेह ११,५००. पायरी-पायरीने. वाटेतली फोतू ला खिंड साडेतेरा हजारांच्या जवळ आहे, पण ती आपण ओलांडून उतरतो, तिथे झोपत नाही. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्याने तो टप्पाही सोपा झालाय.

थारवाला तरी ऐकेना. 'माझ्या गाडीला टर्बो आहे, काय होतंय!' तेव्हा ग्रुपमधली एकुलती एक डॉक्टर (डेंटिस्ट आहे, पण आम्हाला तेवढी पुरते) शांतपणे म्हणाली, 'गाडीला आहे रे. तुला बसवलाय का?' विषय संपला. जाताना श्रीनगर, येताना मनाली. लेहमध्ये पहिले दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही. फक्त पाणी पिणं, झोपणं आणि बाजारात हळूहळू फिरणं.

एक गोष्ट मात्र घरोघरी निघतेच. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीर म्हटलं की आई-बाबांचा चेहरा बदलतो. त्यांना 'काही होत नाही हो' म्हणून उडवून लावू नका. आम्ही प्लॅन बी कागदावर लिहूनच दाखवला. निघायच्या आठवड्यात परिस्थिती बरी वाटली नाही, तर जाताना-येताना मनालीच, पण चढताना जिस्पाला दोन रात्री थांबून. जिस्पा साडेदहा हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे शरीराला मधली पायरी मिळते. हा कागद पाहून तीन घरांतून परवानगी आली.

भांडण दुसरं : पैसे

मैत्री तुटते ती इथे. हिशेब सोपा वाटतो. साडेपाच हजार किलोमीटर, लिटरला चौदाचं अ‍ॅव्हरेज आणि शंभर रुपये लिटर धरलं, तर गाडीमागे इंधनाचे चाळीस हजारांच्या आसपास. पण चौघांच्या गाडीत ते माणशी दहा हजार होतात आणि आमच्या नवविवाहित कपलच्या गाडीत माणशी वीस. मग वहिनी म्हणाल्या, 'आम्ही दोघंच बसतो हा आमचा गुन्हा आहे का?' त्यावर मागच्या सीटवरची पब्लिक म्हणाली, 'प्रायव्हसीचे पैसे पडतातच, वहिनी!'

तोडगा असा निघाला. पाचही गाड्यांचं इंधन आणि टोल एकत्र करायचे, भागिले चौदा. इंधनाचे माणशी साधारण चौदा हजार. गाडीवाले स्वतःची गाडी झिजवतात, म्हणून पंक्चर आणि टोइंग कॉमन फंडातून. निघण्याआधीचं सर्व्हिसिंग ज्याचं त्याने करायचं. दुसऱ्याची गाडी चालवताना ठोकली, तर इन्शुरन्समधून न सुटणारा खर्च मालक आणि चालवणारा निम्मा-निम्मा. आणि ज्याची बाटली त्याचं बिल! हे सगळं शीटमध्ये लिहिलंय आणि चौदाही जणांनी 'मान्य' टाइप केलंय. हसू नका. तोंडी 'बघू रे नंतर' हे वाक्य भल्याभल्या ग्रुपांना महागात पडतं.

भांडण तिसरं : पुढे कोण?

पाचही गाडीवाल्यांना पहिला नंबर हवा होता. पण ताफ्याचा फंडा उलटा असतो. ताफा सगळ्यात फास्ट गाडीच्या नव्हे, सगळ्यात स्लो गाडीच्या वेगाने चालतो. म्हणून सगळ्यात छोट्या इंजिनाची गाडी दोन नंबरला. म्हणजे पहिल्याला तिच्याकडे पाहून वेग ठेवावा लागतो. हवा विरळ झाली की साध्या पेट्रोल इंजिनाचा दम जातो. खार्दुंग लावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. तिथे छोटी हॅचबॅक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडतरखडत चढते. चढते मात्र नक्की, तिला हॉर्न मारू नका.

बाकीचे नियम असे ठरले. प्रत्येकाने आरशात आपल्या मागची गाडी बघायची. ती दिसेनाशी झाली की सुरक्षित जागा बघून वेग कमी करायचा, गरज पडली तर थांबायचं. असं केलं की पाचव्या गाडीचा निरोप आपोआप पहिलीपर्यंत जातो, फोनला रेंज असो वा नसो. ताफ्यात आपापसात ओव्हरटेकिंग बंद. गाड्यांमध्ये एवढं अंतर ठेवायचं की बाहेरची गाडी मध्ये शिरू शकेल. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट. उतरताना खालचा गिअर, नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापून दगा देतात. मनालीच्या वाटेवरचे नाले सकाळीच पार करायचे, कारण ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि दुपारी तोच नाला गुडघ्यापर्यंत येतो. इंजिनात पाणी गेलं आणि गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही.

शेवटची गाडी सगळ्यात महत्त्वाची. तिच्यात सगळ्यात थंड डोक्याचा ड्रायव्हर, टूलकिट, टो-रोप, पंक्चर किट, हवा भरायचा पंप आणि औषधांची पेटी. वॉकी-टॉकी घेणार असाल, तर परवाना न लागणारे, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवालेच घ्या. सॅटेलाइट फोन मात्र विसरा, परवानगीशिवाय तो भारतात बेकायदा आहे. प्रीपेड सिमच्या भरवशावर राहू नका, प्रत्येक गाडीत निदान एक पोस्टपेड हवं. कागदपत्रं फोनमध्ये आणि प्रिंटमध्ये, दोन्हीकडे. आणि टाकी! टंडीच्या पंपावरची, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचं सांगणारी पाटी फेमस आहे. आपण उलट दिशेने येणार, तेव्हा लेह किंवा कारूला टाकी फुल्ल करूनच निघायचं.

भांडण चौथं : मागे कोण फिरणार?

हे भांडण झालंच नाही. तिथे शांतता झाली.

डेंटिस्टबाईंनी प्रश्न टाकला, 'समजा, कुणाला वर त्रास झाला. नुसती डोकेदुखी नाही. बसल्या जागी धाप लागतेय, खोकला थांबत नाही, चालताना झोक जातोय, असंबद्ध बोलतोय. मग?' कुणीतरी म्हणालं, 'ऑक्सिजनचे कॅन नेऊ ना.' ती म्हणाली, 'कॅन म्हणजे वेळ काढणं. खरा इलाज एकच, खाली उतरणं. ताबडतोब, रात्र असली तरी. आणि आजारी माणूस एकटा उतरू शकत नाही. कोणती गाडी जाणार?'

बघा, प्रश्न साधा आहे. पण अठरा दिवसांची सुट्टी, वर्षभराचे पैसे, आणि पँगाँग दोन तासांवर आलेला असताना हा प्रश्न विचारला, तर काय होईल? 'बरं वाटतंय ना आता?' 'अजून एक तास बघू.' आजारी माणूसही सगळ्यांचा मूड जाऊ नये म्हणून 'मी ओके आहे' म्हणणार. उंचीवरचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे. तिथे कुणी वाईट नसतं, सगळे फक्त भिडस्त असतात.

तेव्हा डस्टरवाला बोलला. जुनी डिझेल डस्टर, हप्ते फेडून स्वतःची केलेली. या माणसाच्या कॉम्प्युटरवर कॉलेजपासून खार्दुंग लाचा वॉलपेपर आहे. १८,३८० फुटांची ती फेमस पाटी आणि साडेसतरा हजारांच्या पुढची खरी उंची, यावर तो तासभर बोलू शकतो. तो म्हणाला, 'शेवटची गाडी माझी ना? मग मीच फिरणार. खिंड शंभर मीटरवर असली तरी. बाकीच्यांनी थांबायचं नाही.' आणि मग म्हणाला, 'फक्त तेव्हा कुणी मला समजवायला येऊ नका. आत्ताच हो म्हणा.'

आम्ही हो म्हणालो. डेंटिस्टबाईंना उतरा म्हणायचा पूर्ण अधिकार, तिथे मतदान नाही. सगळ्यांनी निघण्याआधी आपापल्या डॉक्टरकडे जायचं, डायमॉक्स घ्यायची का तेही त्यांनाच विचारायचं. दमा, बीपी, काहीही लपवायचं नाही. गंमत म्हणजे त्या रविवारी दोघांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. एकाला लहानपणी दमा होता, दुसरीला सल्फाची अ‍ॅलर्जी आहे, आणि डायमॉक्स सल्फाच्याच घराण्यातलं औषध. सहा वर्षं एका टेबलावर डबा खातोय, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

भांडण पाचवं : सोमवार

तुम्हाला वाटेल, सगळ्यात डेंजर दिवस खार्दुंग लाचा. नाही हो. सगळ्यात डेंजर दिवस शेवटचे तीन. पर्वत संपलेत, रस्ता सपाट आणि रुंद, अंगात 'आपण लेह केलं' ही मस्ती, आणि सोमवारी दहाचं प्रेझेंटेशन. मग कुणीतरी म्हणतं, 'जयपूरला कशाला थांबायचं? रात्रभर चालवू, आळीपाळीने.' २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले सत्तर टक्क्यांच्या आसपास मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. हायवेवरची झोप आणि घाई, दोघी सख्ख्या बहिणी.

शिवाय डोंगर तुमचं कॅलेंडर बघत नाही. जुलै २०२३ मध्ये हिमाचलात बियासला पूर आला, कुलू-मनालीचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला आणि चंद्रतालला जवळपास तीनशे पर्यटक अडकले. त्यांच्याही हातात रिटर्नची तारीख होतीच.

म्हणून आमचं गणित असं. शनिवारी निघायचं, सोळाव्या दिवशी, रविवारी पुण्यात. सोमवार आणि मंगळवार रिकामे. एखादा घाट बंद पडला तर ते वापरायचे. ऑफिस बुधवारी. तीन वीकेंड धरून रजा होतात बारा. अंधार पडल्यावर ड्रायव्हिंग नाही, आजारी माणसाला उतरवायचं असेल तेव्हाचा अपवाद सोडून. कुणी म्हणेल, दोन रजा फुकट गेल्या. जाऊ देत. त्या दोन दिवसांत गाडी धुवा, कपडे धुवा, आईच्या हातचं वरण-भात खा.

आता एकच काम उरलंय, आणि ते एचआरच्या हातात आहे. अर्जावर 'कारण' या रकान्यात काय लिहायचं, यावर पुढच्या रविवारी सहावं भांडण आहे.