मेरीबाईंचा राग

युद्धावरच्या कादंबऱ्या म्हणजे पुरुषांचं वाचन, असं बी.ए.ला असल्यापासून ऐकत आले. हेमिंग्वे अभ्यासाला होता, तोही परीक्षेपुरताच वाचला. पण लेकीच्या पुस्तकांत कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' (1969) हाती लागली आणि पहिल्याच प्रकरणात मला एक बाई भेटली. अगदी खरीखुरी.

व्हॉनेगट दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता. फेब्रुवारी 1945 मध्ये ब्रिटिश-अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेन शहर जाळलं, तेव्हा कत्तलखान्याच्या तळघरात होता म्हणून वाचला. वर सुमारे 25 हजार माणसं मेली. पुढे त्यावर पुस्तक लिहायचं म्हणून तो सैन्यातल्या जुन्या मित्राच्या घरी गेला.

दोघे आठवणी काढत बसले, तर मित्राची बायको मेरी ओहेअर धुसफुसत घरभर फिरतेय. बर्फाचा ट्रे आपटतेय, खुर्च्या-टेबलं सरकवतेय. आपल्याकडे भांडी आपटतात ना, तसंच! शेवटी भडकलीच. म्हणणं एवढंच, की तेव्हा तुम्ही नुसती पोरं होतात. पुस्तकात मात्र मर्द गडी दाखवाल, सिनेमात जॉन वेनसारखे नट तुमची कामं करतील, लढाई छान दिसेल, आणि पुन्हा कुणाची तरी कच्चीबच्ची मरायला जातील.

व्हॉनेगटनं वाद घातला नाही. तसं लिहिणार नाही असा शब्द दिला आणि पाळला. पुस्तकाला 'मुलांचं धर्मयुद्ध' हे जोडनाव दिलं, अर्पणपत्रिकेत मेरीचं नाव पहिलं घातलं. त्याचा नायक बिली शूरबीर नाहीच. ना हेल्मेट, ना ओव्हरकोट, ना बंदूक. थंडीत काकडणारं पोर. व्हिएतनामचं युद्ध चालू असताना असं लिहायला हिंमत लागते.

पण माझी एक तक्रार आहे. मेरीचं ऐकणाऱ्या या लेखकानं बिलीची बायको व्हॅलेन्सिया मात्र जाडी, खादाड म्हणून हसण्यावारी नेली. लग्नानंतर ती युद्धाबद्दल विचारते, तो टाळतो. तो मधूनच एकटा रडतो, हे डॉक्टरला ठाऊक, तिला नाही. असं का हो?

आमच्या महिला मंडळात एका निवृत्त फौजींच्या पत्नी येतात. नवरा रात्री दचकून उठतो, विचारलं तर "काही नाही, झोप तू" म्हणतो. त्यांना मी ही गोष्ट सांगितली. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "मग तिला शेवटी कळलं का, ताई?"

नाही कळलं, म्हटलं.