लोहामुळे बाळाची फुफ्फुसं बिघडतात? रील फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी आठवते का? ती लोहाची होती. घरात कुणी गरोदर असेल तर तिला रोज मिळणारी लाल गोळीही लोहाचीच. आता समजा, फोनवर रील आलं: ‘लोह नवजात बाळाच्या फुफ्फुसांना घातक!’ मग गोळी बंद करायची का? थांबा. या वाक्यात अर्धंच सत्य आहे, आणि इथे अर्धं सत्य महागात पडू शकतं.

लोह म्हणजे उघडी वायर?

रक्तातलं हिमोग्लोबिन लोहाच्या जोरावर ऑक्सिजन वाहून नेतं. म्हणजे लोहाशिवाय चालणारच नाही. पण शरीर ते मोकळं फिरू देत नाही, ट्रान्सफेरिन आणि फेरिटिनसारख्या प्रथिनांमध्ये बांधून ठेवतं. कारण मोकळं लोह म्हणजे प्लास्टिक निघालेली वायर. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की जोरदार अभिक्रिया होते, हे हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्येच दाखवलं होतं. यातून तयार होणारे रॅडिकल पेशीच्या आवरणातल्या चरबीवर हल्ला करतात. त्यात जास्तीचं लोह बाहेर टाकायची खास सोयही शरीरात नाही.

मग फुफ्फुसांचा संबंध काय?

प्रश्न मुख्यतः वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा आहे. त्यांची फुफ्फुसं पूर्ण तयार नसतात, म्हणून ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर लागतो. यानेच जीव वाचतो, पण फुफ्फुसांना इजाही होऊ शकते. विल्यम नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये अशा बाळांमधल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या आजाराचं वर्णन केलं. त्याचं नाव ब्रोंकोपल्मनरी डिस्प्लेसिया. अशा बाळांना अनेकदा रक्त चढवावं लागतं आणि त्या रक्तासोबत लोहही येतं. म्हणजे जास्त ऑक्सिजन, जास्त लोह आणि कच्ची फुफ्फुसं असे तीन धोके एकाच वेळी एकत्र येतात.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी लोहामुळे होणाऱ्या पेशीमृत्यूला ‘फेरोप्टोसिस’ हे नाव दिलं. नंतर उंदरांच्या नवजात पिल्लांना जास्त ऑक्सिजनमध्ये ठेवून प्रयोग झाले. त्यांच्या फुफ्फुसांत याच पेशीमृत्यूच्या खुणा दिसल्या. तो रोखणारं रसायन दिल्यावर इजा कमी झाली. आशा वाढवणारी गोष्ट आहे, पण हे प्रयोग प्राण्यांवरचे आहेत. बाळांसाठीचं औषध अजून यातून तयार झालेलं नाही.

मग लाल गोळीचं काय?

इथेच रील चुकतं. प्रयोगांमधला धोका चुकीच्या जागी मोकळ्या झालेल्या लोहाचा आहे, आईच्या गोळीचा नाही. बाळ आपला बहुतेक लोहसाठा गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून घेतं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी होतं. आईच्या अंगात रक्त कमी असेल तर बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते. २०२० मध्ये भारतात अशी वेळेआधी जन्मलेली बाळं ३० लाखांहून जास्त होती.

म्हणजे गंमत बघा: बाळाच्या फुफ्फुसांच्या काळजीने गोळी बंद केली, तर फुफ्फुसं कच्ची राहण्याचाच धोका वाढतो!

वेळेआधी जन्मलेल्या बाळांनाही लोह लागतंच. आईच्या दुधावर असलेल्या आणि दुसरीकडून लोह न मिळणाऱ्या अशा बाळांना ते द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. किती आणि कधी, हे मात्र डॉक्टरच ठरवतात. रक्त चढवलेल्या बाळाचा हिशेब वेगळा असू शकतो.

पुढच्या रीलला हे तीन प्रश्न विचारा

१. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर?
२. लोह किती होतं आणि शरीरात कुठे होतं?
३. गोष्ट आईची आहे, पूर्ण दिवसांच्या बाळाची की वेळेआधी जन्मलेल्या बाळाची?

उत्तर मिळालं नाही तर फॉरवर्ड करू नका. आणि घरात कुणाला गोळीने मळमळ किंवा बद्धकोष्ठता होत असेल, तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा. गोळी चहासोबत घेऊ नका, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. पण ती परस्पर बंद मात्र करू नका.