वडिलांची सायकल विकावी की नाही?

गणेश चतुर्थी जवळ आली की आपल्या घरोघरी साफसफाई सुरू होते. यंदा वाक्वाच्या आमच्या घरी पडवीतले जुने पत्रे हलविले, तेव्हा त्यांच्यामागे भिंतीला टेकलेली वडिलांची शर्यतीची सायकल पुन्हा सर्वांच्या दृष्टीस पडली. धाकटा भाऊ म्हणाला, "विकून टाकू." आई काही बोलली नाही. काकांनी मात्र स्पष्ट सांगितले, "बापाची वस्तू बाजारात नेऊ नये."

काकांचा मान राखूनही आम्ही म्हणतो की विकावी. वाचकहो, ही गोष्ट आमच्या एकट्याच्या घरची नाही, म्हणून येथे लिहीत आहोत. क्युर्पिपपर्यंत मेट्रो २०२२ साली आली. त्यापूर्वीच्या काळात आपली किती तरी वडील मंडळी सायकलवरच कामाला जात. आमचे वडील सकाळी पोर्ट लुईला उतरत आणि संध्याकाळी तोच चढ चढून घरी येत. रविवारी पुन्हा मित्रांबरोबर शर्यत! सायकल फ्रान्सच्या प्यूजो कारखान्याची, पी. एक्स. १० नावाची. झर्वेझ वादळ झाले १९७५ साली. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी ती जुनीच विकत घेतली. त्याच १९७५ साली बेर्नार तेव्हने याने प्यूजोच्या संघातून एडी मर्क्सला मागे टाकून तूर द फ्रान्स जिंकली होती. वडील ही हकीगत अशी सांगत की जणू तो आमच्याच गल्लीतला मुलगा.

अशी वस्तू पत्र्यांमागे गंजत ठेवणे हा कसला मान? पण न जाणता विकणे त्याहून वाईट. भंगारवाला आला, त्याने ती एका हाताने उचलली आणि वजनावर भाव सांगितला. हलकी म्हणून कमी किंमत! ती हलकी का, हे आम्हांलाही तेव्हा ठाऊक नव्हते. सीटखालच्या नळीवरची धूळ पुसली तेव्हा 'रेनल्ड्स ५३१' अशी चिठ्ठी दिसली. हे इंग्लंडचे पोलाद. त्याच्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. सायकल फ्रेंच आणि पोलाद इंग्रजी, हे आपल्या बेटाला शोभण्यासारखेच आहे.

भाऊ म्हणाला, निदान रंग तरी देऊ. आम्ही हात धरला. आमच्याच एका चुलत भावाने पूर्वी आपली सायकल घासून चंदेरी रंगविली होती. कारखान्याची नावे पुसली गेली आणि आलेले गिऱ्हाईक दारातूनच परतले. जुना रंग टवके उडालेला असला तरी असू द्यावा. नवे पॅडलही घाईने बसवू नये. जुन्या फ्रेंच पॅडलचा आटा १४ मिलिमीटरचा असतो, इंग्रजी पॅडलचा ९/१६ इंचाचा. फरक पाव मिलिमीटरहून थोडा अधिक, डोळ्यांना दिसत नाही. पण जोर करून फिरविले की ॲल्युमिनियमच्या क्रँकचा आटा कायमचा जातो. आपल्या पॅडलवर 'दे' आणि 'झे' ही अक्षरे आहेत का पाहावे. 'दे' म्हणजे उजवे, 'झे' म्हणजे डावे. शाळेत फ्रेंच शिकलेले पोरही ओळखील.

दोष झाकू नयेत. आमच्या सायकलचा सिम्प्लेक्सचा गिअर प्लॅस्टिकचा आहे आणि त्याला चीर गेली आहे. हँडलची दांडी आत अडकून बसली आहे. दोन्ही गोष्टी आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगितल्या. एकाला तरीही हवी होती, पैसेही बरे देत होता. पण तो भाग सुटे करून परदेशी पाठविणार होता. दुसरा शेजारच्या वस्तीतला तरुण, निम्मेच देऊ शकतो, पण चालविणार आहे. भावाला पहिला पसंत, आणि घराला पैशांची गरज नाही असेही नाही.

तेव्हा आई बोलली. शनिवारी रात्री वडील रिमला बोयो चिकटवीत, तेव्हा चाक ती धरून बसे. डिंकाचा वास दोन दिवस हातांचा जात नसे. "चालविणाऱ्याला द्या," इतकेच म्हणाली.

तो तरुण रविवारी येणार आहे. काका अजून रागावलेलेच आहेत. तरी त्यांना निरोप धाडला आहे, कारण तो मागचा माफाक ब्रेक कसा जुळवायचा हे आता घरात त्यांनाच येते.