सेवेकऱ्याचा सातवा दिवस

परिचारिका-दिनाच्या एका समारंभास आम्ही श्रोते म्हणून हजर होतो. वक्त्यांनी परिचारिकांस 'त्यागमूर्ती' म्हटले, 'करुणेच्या देवता' म्हटले, शाली दिल्या, श्रीफळे दिली. आणि टाळ्या थांबतात न थांबतात तोच त्यांतील कित्येक देवता शालीची घडी घालून रात्रपाळीवर निघून गेल्या. जाता जाता एकजण म्हणाली, "शालीऐवजी एक बदली बाई दिली असती, तर बरे झाले असते." सबंध समारंभात अर्थपूर्ण असे हे एकच वाक्य आमच्या कानी पडले.

दुसऱ्याचे दुःख रोज उशाशी घेऊन बसणाऱ्याचे मन काही काळाने बधिर होऊ लागते. आरंभी रडणाऱ्या आईकडे पाहून डोळे भरून येतात; पुढे कपाळास आठी पडते; शेवटी काहीच होत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत कार्ला जॉइन्सन यांनी परिचारिकांविषयी लिहिताना या अवस्थेस जे नाव वापरले, त्यास आपण मराठीत 'करुणेचा शीण' म्हणू. हा आळस नव्हे, की स्वभावातील कठोरपणाही नव्हे. ज्याला मुळात करुणाच नाही, त्याला हा शीण कोठून येणार?

वाशीम जिल्ह्याचे उदाहरण घ्या. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा २००६ मध्ये, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांस विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत गणला गेला. अशा मुलखात दुःखाच्या दारी पहिले पाऊल टाकते ती गावची आशाताई. २००५ पासून हजार वस्तीमागे साधारण एक अशी ही योजना चालत आली आहे. परंतु आशाताई पगारी नोकर नव्हे, मोबदल्यावर काम करणारी 'स्वयंसेविका'. म्हणजे जबाबदारी सगळी, आणि हक्काच्या रजेचा प्रश्न निघताच तिला तिच्या स्वेच्छेची आठवण करून द्यावयाची!

याच वाशिमात नाझरीन मिशनने १९३८ मध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभे केले आणि डॉ. ऑर्फा स्पायचर यांनी तेथे दीर्घकाल सेवा केली. तेव्हा ख्रिस्ती सेवेचा आदर्श या जिल्ह्यास नवा नाही. पण त्या आदर्शाचा अर्धाच भाग लोकांनी उचलला, हा आमचा आक्षेप आहे. 'प्रभूचा सेवक थकतोच कसा? प्रार्थना वाढवा, शीण जाईल,' असे सांगणारे उपदेशक आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनी आपलाच ग्रंथ पुन्हा उघडून पाहावा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्यास प्रवचन दिले नाही; झोपू दिले, भाकर दिली, पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. शिष्यांस जेवावयासही सवड मिळेना, तेव्हा येशूने त्यांस एकांती चलून थोडा विसावा घ्या असे सांगितले. यावर कोणी म्हणेल, लोकसमुदाय तेथेही आला आणि येशूला त्यांचा कळवळा आलाच ना? आला खरा. परंतु त्याच दिवशी त्याने शिष्यांना मचव्यात बसवून पुढे धाडले, लोकांस निरोप दिला, आणि आपण एकटा डोंगरावर गेला. निरोप देणे हाही कळवळ्याचाच भाग आहे, हे आमचे उपदेशक सोयीस्करपणे विसरतात.

शब्बाथाची आज्ञा तर याहून स्पष्ट आहे. ती घरधन्यास उद्देशून आहे, आणि चाकर, परदेशी, बैल, गाढव या सर्वांस विसावा मिळाला पाहिजे असे ती म्हणते. म्हणजे विसावा ही थकलेल्याने मागावयाची भीक नसून काम घेणाराने पाळावयाचे कर्तव्य आहे.

'हे सारे परक्या धर्मातील,' असा दुसरा आक्षेप येईल. तो आम्ही मुळीच मानीत नाही. मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून. आणि त्यासाठी झगडले ते सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे. रविवार हा खंडोबाचाही वार, हे त्यांनी मालकांस ऐकविले होते. आणि वऱ्हाडात कोणाचे घर असे आहे, की जेथे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकीत नाहीत? जू वाहणाऱ्याचा खांदा दुखतो, हे आपणांस कळते. फक्त तो खांदा माणसाचा असला म्हणजे कळत नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: रोग पंचांग पाहून येत नाही, मग सेवेकरी विसावल्यास रुग्णाचे काय? म्हणूनच तर बदली माणूस हवे, पाळ्यांचे वेळापत्रक हवे, आणि त्याचा खर्च धर्मादाय म्हणून नव्हे, औषधांच्या खर्चाप्रमाणेच अंदाजपत्रकात हवा. थकलेल्या हातून औषधाची मात्रा चुकते, आटलेल्या मनातून कडू शब्द निघतो. त्याची किंमत रुग्णच देतो.

मग श्रद्धेचे काम काय? आमच्या मते श्रद्धा झोपेची जागा घेत नाही. ती झोपण्याची परवानगी देते. 'मी नसलो तर सारे बुडेल' ही भावना वरून त्यागासारखी दिसते, पण आत अहंकार असतो. जगाचा तारणारा दुसरा कोणी आहे, आपण नव्हे, असे ज्यास मनापासून वाटते, तो रात्री दिवा मालवू शकतो आणि सकाळी ताज्या मनाने रुग्णाच्या खाटेपाशी जाऊ शकतो. वादळात मचव्याच्या वरामात उशीवर निजलेला येशू हेच शिकवितो. परंतु ही श्रद्धा सेवेकऱ्याची स्वतःची असावी. वरिष्ठांनी ती बदली माणसाऐवजी वाटू नये.

तेव्हा पुढील १२ मे रोजी शाली आणण्यापूर्वी आमच्या वाचकांपैकी जे कोणी रुग्णालयांच्या, शाळांच्या वा सेवासंस्थांच्या मंडळांवर असतील, त्यांनी एकच प्रश्न विचारावा: आपल्याकडील प्रत्येक सेवेकऱ्यास आठवड्यातून एक दिवस खरोखर मोकळा मिळतो काय? उत्तर 'नाही' असेल, तर शाली दुकानातच राहू द्याव्यात.