बंदुकांचा सुकाळ
मारामाऱ्या व चोऱ्या अमेरिकेप्रमाणे इतर धनाढ्य देशांतही होतात. खून मात्र अमेरिकेत कितीतरी पटींनी अधिक. तेथे माणसांहून बंदुकाच अधिक असल्याने अन्यत्र ठोशावर भागणारे भांडण गोळीवर जाते. २०२१ साली बंदुकीने ४८,८३० बळी घेतले. त्यांत सुमारे २१ हजार खून, उरलेल्या बहुतेक आत्महत्या. या संबंधाचा शोध घेणाऱ्या सरकारी संशोधनाची रसद अमेरिकन संसदेने १९९६ पासून वीसहून अधिक वर्षे रोखून धरली. २००५ साली तर कायदा करून बंदूक-कारखानदारांना बहुतेक नुकसानभरपाईच्या दाव्यांतून मुक्त केले! त्याच १९९६ साली पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली जाताच ऑस्ट्रेलियाच्या सरकारने (आणि ते काही डाव्यांचे नव्हते) सहा लाखांहून अधिक बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. आधीपासून घटत असलेले बंदुकीचे बळी तेथे पुढे अधिकच वेगाने घटले.