देवासारखा धावून आला

दहावीचा निकाल चांगला लागला, व्हिसा मिळाला, डॉक्टर ‘गाठ साधी आहे’ म्हणाले, की मराठी घरात दोन शब्द उमटतात: ‘देव पावला!’ मागितलेलं हाती पडलं नाही, तर ‘देवाने ऐकलं नाही’ म्हणून विषय मिटतो. पण याच भाषेत आणखी एक वाक्य आहे. मध्यरात्री दवाखान्यात न्यायला रिक्षा काढणाऱ्या शेजाऱ्याला, रक्त द्यायला आलेल्या अनोळखी पोराला घरातली आजी म्हणते, ‘अगदी देवासारखा धावून आलास रे बाबा.’ प्रार्थनेचं उत्तर ओळखायचं, तर हे दुसरं वाक्य शब्दशः घ्यायला हवं. वारकरी संतांच्या कथांनी तर त्यातलं ‘सारखा’सुद्धा गाळून टाकलं.

पंढरपूरशेजारी गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात. नामदेवांच्या घरची ही दासी. विठ्ठल तिला दळू लागे, गोवऱ्या वेचू लागे, असं परंपरा सांगते. जनाबाईचं दासीपण सुटलं नाही, दळणही कमी झालं नाही. जात्याच्या खुंट्याला फक्त दुसरा हात लागला. त्याने काय फरक पडतो, हे ज्या बाईने एकटीने पायलीभर दळलं असेल तिला विचारावं.

मंगळवेढ्याची गोष्ट याहून धीट आहे. बहामनी राजवटीतले अधिकारी दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं भुकेल्यांना खुली केली, आणि बिदरहून त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला. ते वाटेत असतानाच कोणीतरी दरबारात धान्याची सगळी रक्कम भरून, पावती घेऊन निघून गेला होता. ही कथा इतिहास म्हणून वाचावी की श्रद्धा म्हणून, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण लोकांनी तिच्यात देवाला कोणतं रूप दिलं ते पाहा: खांद्यावर घोंगडी, हातात काठी, नाव विठू महार. गाव ज्याची सावली टाळत होतं, त्याच्या वेशात देव राजासमोर उभा राहिला.

आणि त्याच मंगळवेढ्यात 1338मध्ये गावकुसाच्या कामावर राबताना भिंत कोसळून अस्पृश्य मानले गेलेले संत चोखामेळा, म्हणजे चोखोबा, गेले. जन्मभर ज्या विठ्ठलाच्या ओढीने जगले, त्याचा उंबरठा त्यांना ओलांडू दिला नाही. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरात आणल्या, असं सांगतात. समाधी आहे ती महाद्वारासमोर, बाहेरच.

चोखोबांच्या आर्जवाला उत्तर मिळालंच नाही का? 1 मे 1947 रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्याआधी त्यांनी गावोगाव हिंडून माणसं जोडली होती. सुमारे दहा दिवसांनी मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं. चोखोबांच्या मृत्यूनंतर 609 वर्षांनी आलेलं हे उत्तर एका उपाशी मास्तराच्या देहातून आलं.

पण या उशिराला देवाची लीला म्हणणं हा चोखोबांवर आणखी एक अन्याय होईल. दार बंद ठेवणारे हात माणसांचे होते. 1930मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षं लढूनही ते दार उघडलं नाही, आणि 1935मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. अस्पृश्यांच्या इतिहासावरचा 1948चा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. देव माणसाच्या हातांनी उत्तर देतो असं मानायचं, तर ते उत्तर माणसं अडवूनही धरू शकतात, हेही कबूल करावं लागतं. जो हात जोडतो, त्याने आपलेच हात कोणाची वाट तर अडवत नाहीत ना, हे आधी पाहावं.

माणसात देव ओळखणं आषाढी वारीत पायी चालताना घडतं. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. वाटेत फुकट चपला शिवून देणारा कारागीर, पाय चेपून देणारा कॉलेजातला मुलगा, गर्दी आवरणारा हवालदार, सगळ्यांना एकच हाक: ‘माउली’. उन्हात थांबलेल्या म्हातारीपुढे एखादी पोर पाण्याचा तांब्या धरते. म्हातारी आधी वाकून त्या पोरीच्या पाया पडते, आणि मग पाणी पिते.