आधी वजन, मग धुलाई

मे महिन्यात लखनौच्या कानपूर रस्त्यावर, सरोजिनी नगर ते अमौसीच्या पट्ट्यात, पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी लू सुटते. गच्चीवर टाकलेली चादर बघता बघता वाळते. आपल्या लाँड्रीच्या धंद्याला याहून सोयीची हवा नाही, आणि मोठ्या टेडीच्या बाबतीत याहून फसवी हवाही नाही. फर लवकरच कोरडी, कुरकुरीत लागते. पोटातलं भरण मात्र ओलंच असतं. वरून हात फिरवून, पिशवीत बांधून दिलेलं ते खेळणं थोड्याच दिवसांत कुबट वास मारू लागतं. तोवर ते लहान मुलाच्या उशाशी असतं, हे विसरता येत नाही.

म्हणून आमचं ठाम मत आहे: खेळणं वाळलं की नाही, हे काट्याने ठरवावं. घेतानाच त्याचं वजन करून पावतीवर लिहा. वजन पुन्हा तिथवर उतरल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नका. आजचं भरण बहुतेक पॉलिएस्टरचं असतं. हा तंतू हवेतला ओलावा जेमतेम अर्धा टक्का धरतो, त्यामुळे जास्तीचं वजन म्हणजे आत अडकलेलं पाणीच. कापूस हवेतूनच आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा घेतो. कापसाच्या जुन्या खेळण्याला पावसाळ्यात थोडी सूट द्यावी लागते.

तीन-चार फुटी खेळणं अख्खं मशीनमध्ये घालूच नये. पाणी प्यायलं की ते ड्रमच्या एका बाजूला बसतं. पाणी पिळणारा हायड्रो हादरतो, मानेची शिवण ताणली जाते. कारखान्यात भरण घातल्यावर हाताने मिटवलेली शिवण असते, बहुधा पाठीवर. ती उसवा. भरण काढून जाळीच्या पिशव्यांत भरा, खोळ उलटी करून थंड पाण्यात सौम्य साबणाने वेगळी धुवा. थर्मोकोलचे दाणे निघाले तर ते आधी बंद पिशवीत घ्या, नाहीतर गाळणी तुंबते. खोळ सावलीत, वाऱ्यावर वाळवा. टम्बलरची गरम हवा लागली की ॲक्रिलिक फरची टोकं आखडतात. ती पुन्हा सरळ होत नाहीत. भरण हाताने पिंजून, पातळ पसरून ठेवा. लखनौच्या जानेवारीतल्या धुक्यात किंवा कोकणातल्या जुलैत यालाच पंखा लावून काही दिवस द्यावे लागतात. गिऱ्हाइकाला ते आधीच सांगावं.

वाळलेलं भरण परत भरल्यावर शिवणीचं काम शिकाऊ पोराकडे सोपवू नका. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्या मानकाच्या चाचणीत मऊ खेळण्याची शिवण सुमारे सात किलोच्या ओढीइतक्या जोराने ताणून पाहतात. आपण ती उसवली की तिच्या मजबुतीची जबाबदारी आपली. दुहेरी नायलॉन दोरा वापरा, टाके जवळजवळ घाला, शेवटी दोन्ही हातांनी ओढून पाहा. डोळे आणि नाकही तसेच तपासा.

एवढं काम ब्लँकेटच्या दरात परवडत नाही. टेडीचा दर वेगळा लावा आणि परत देताना वाळल्यावरचं वजनही पावतीवर लिहून दोन्ही वजनं गिऱ्हाइकाला दाखवा.